एव्हर्टने वाचून दाखवायची कविता

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा एव्हर्ट किस्तेमाकर जन्मभर आमच्यासमोर बसून वाचत आला, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

मी गावच्या शाळेत पहिलीची बाई होते. अर्ध्या गावाला अक्षरं मी शिकवली. त्यामुळे पुढे हे उघडकीला आलं तेव्हा जो तो मलाच विचारू लागला, "दीवर, तुला कसं गं कळलं नाही?" जणू काही मी सणासुदीला पाहुण्यांच्या परीक्षा घेत बसायला हवं होतं. नाही कळलं. आफ्रानं कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझ्या बहिणीनं नवऱ्याच्या बाबतीत शेवटपर्यंत पाळलं, आणि माझ्या बाबतीतसुद्धा. तिचा मला अजून राग येतो.

एव्हर्ट ट्यूलिपच्या कंदांच्या गोदामात वाढला म्हटलं तरी चालेल. शाळेत नाव होतं त्याचं, पण जागा शेवटच्या बाकावर, शेगडीजवळ. कंद सोलायच्या हंगामात बापाला तो गोदामात हवा असायचा, आणि थंडीत मास्तरांना शेगडीत कोळसे घालायला कुणीतरी लागायचं. दोघांची सोय झाली, पोराची राहिली. पुढे त्याच गोदामात तो म्हातारा झाला. अंगानं थोराड, बोलायला कमी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बँकेत गेला की म्हणायचा, "चष्मा घरी राहिला." खानावळीत गेला की शेजाऱ्याकडे बोट, "यानं घेतलं तेच मला." खरं म्हणजे त्याला चष्मा लागतच नव्हता. तो त्यानं विसरण्यासाठीच करून घेतला होता.

पण आमच्या देशात पाच डिसेंबरची संध्याकाळ चष्मा विसरून टळत नाही. नोव्हेंबरात घरातल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत घालायच्या. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी काहीतरी वस्तू आणायची आणि वर यमकं जुळवून एक कविता लिहायची. कविता कसली, त्या माणसाची वर्षभराची टर. लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालायचं नाही, सगळं सिंटरक्लासच्या, म्हणजे त्या दिवशी भेटी वाटणाऱ्या संताच्या, माथी मारायचं. आणि ज्याची टर असेल त्यानंच ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. वाचल्याशिवाय पुडकं उघडायचं नाही. यातून घरच्या कर्त्याची सुटका नाही की पाहुण्याची नाही. त्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटचं मिळतं. एव्हर्टला दर वर्षी भलामोठा E मिळायचा. वाचता न येणाऱ्याला आमच्याकडे निदान एक अक्षर खायला मिळतं.

आफ्राची युक्ती साधी होती. टोपी कायम तिच्या मांडीवर, आणि एव्हर्टची चिठ्ठी कायम तिलाच. ती कविता लिहायची आणि नोव्हेंबरभर स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता त्याच्याकडून घोकून घ्यायची. पाच तारखेला तो कागदाची घडी उलगडायचा, घसा खाकरायचा, ओळीवरून बोट फिरवायचा आणि खणखणीत म्हणायचा. आम्ही म्हणायचो, बोलत नाही हा, पण वाचतो काय सुरेख!

ज्या वर्षी हे फुटलं त्या वर्षी आफ्रा होर्नच्या इस्पितळात होती. तिचं हृदय थकलं होतं. तरी तिनं पडल्या पडल्या चार ओळी लिहिल्या, एव्हर्टच्या ओल्या मोज्यांवर. खाटेशेजारी बसवून त्याच्याकडून त्या पाठ करून घेतल्या. नर्सना वाटलं, म्हातारा प्रार्थना पुटपुटतोय. मग पुडकं बांधून कवितेसकट विल्माकडे दिलं. विल्मा ही त्यांची एकुलती एक लेक, येरून तिचा नवरा, आणि फेन्ना त्यांची मुलगी.

फेन्ना तेव्हा दहाएक वर्षांची, वर्गात सगळ्यांत छान यमकं जुळवणारी. ओमाची, म्हणजे आजीची, कविता तिनं पाहिली. चारच ओळी, आणि थरथरत्या हातानं अक्षर वेडंवाकडं आलेलं. पोरीला वाटलं, ओपासाठी, आपल्या आजोबासाठी, एवढीशी कविता? तिनं ती हळूच काढून घेतली आणि आपली घातली, दोन पानं भरून. यात वाईट काय होतं? काही नव्हतं. प्रेमानंच केलं तिनं.

एव्हर्टची पाळी आली. त्यानं घडी उलगडली, खाकरला, बोट ठेवलं आणि ओल्या मोज्यांच्या चार ओळी म्हणून टाकल्या.

"ओपा, हे काय!" फेन्ना हसायला लागली. "हे त्यात कुठंय?"

एव्हर्टनं कागदाकडे पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून त्याच चार ओळी म्हटल्या, जरा मोठ्यानं.

"पुरे ना ओपा थट्टा! माझी वाचा. डुलक्यांचं आहे त्यात, आणि चर्चमध्ये घोरलात ते!" ती पोट धरून हसत होती. आम्हीही हसत होतो. आम्हाला वाटलं, आज म्हातारा रंगात आलाय.

तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. बोट मात्र ओळीवरून फिरत राहिलं. तेव्हा येरून उठला. "द्या इकडे," म्हणाला आणि कागद घेतला. कागदाकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, "अरे, यांना वाचता येत नाही."

येरून मनानं वाईट नाही. आमच्याकडे मनात येईल ते लोक तोंडावर बोलतात आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. पण एव्हर्ट कानापासून गळ्यापर्यंत लालबुंद झाला. मान वर करेना. "कोट कुठाय माझा?" एवढंच म्हणाला. कोट खुंटीला होता, सगळ्यांचा तिथेच होता, तरी विल्मा तो शोधत राहिली. मी माझ्या कॉफीच्या कपात बघत बसले. इतकी शरम मला स्वतःच्या कुठल्या चुकीचीही वाटली नव्हती. दार लागलं तशी फेन्नानं आपली दोन पानं उचलली आणि शेगडीत टाकली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात आफ्रानं विचारलं, "काल नीट म्हटलंस ना?"

"म्हटलं."

"फेन्ना हसली?"

"हसली," एव्हर्ट म्हणाला.

नाताळच्या आधीच आफ्रा गेली. आपलं गुपित शाबूत आहे असं समजून गेली.

जानेवारीत एका सकाळी एव्हर्ट खांद्यावर शिडी घेऊन माझ्या मागच्या दारी उभा राहिला. आमच्या गावात पुढच्या दारानं नवरी जाते नाहीतर शवपेटी, बाकी सगळे मागून.

"तुझी पन्हळ बघायला आलोय," म्हणाला.

"पन्हळीत वीतभर बर्फ आहे, एव्हर्ट. काय बघणारेस?"

त्यानं शिडी भिंतीला टेकवली, लाकडी बूट दाराबाहेर काढले आणि आत येऊन बसला. मी कॉफी दिली. ती त्यानं संपवली. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "त्या पोरीनं माझ्यासाठी दोन पानं लिहिली होती. त्यात काय होतं, मला ठाऊक नाही."

"जाळली तिनं."

"ते ठाऊक आहे. पुढच्या डिसेंबरात परत लिहील. ती मी वाचणार. मला शिकव."

मी काही बोलणार तोच म्हणाला, "आणि कुणाला सांगायचं नाही. विल्मालासुद्धा."

"बरं."

"फेन्नाला तर नाहीच."

"बरं म्हटलं ना!"

फेन्नाला सांगायला ती भेटायला तर हवी! बुधवारी दुपारी शाळा नसते, तेव्हा ती ओपाकडे यायची, पॅनकेक खायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. पाच डिसेंबरनंतर ती फिरकली नव्हती. बांधावर समोरून ओपा दिसला तर सायकल वळवून घ्यायची. एव्हर्टचं म्हणणं, "तिला लाज वाटते माझी. वाटणारच." मलाही तसंच वाटत होतं.

तर अशी आमची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यानं उठून पडदे ओढले. आता आमच्याकडे पडदे ओढायचे नसतात. दिवा लावून, खिडकी उघडी टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी पिताना दिसायचं, म्हणजे आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही. बहिणीला जाऊन महिना नाही झाला आणि तिचा नवरा मेहुणीकडे पडदे ओढून बसतो, म्हटल्यावर गावाला आणखी काय पाहिजे? पाववाल्याची बायको पावाबरोबर विचारायची, "काय दीवर, पन्हळ फारच गळते वाटतं यंदा?" विल्मा रस्त्यात भेटली की कसनुसं हसायची. मी एव्हर्टला म्हटलं, "लोक काय बोलतात ऐकलंस?"

"ऐकलं," म्हणाला. "बोलू दे."

लग्नाची अफवा त्याला चालली, अक्षरांची चालली नसती. मला चालली का, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

अक्षरं त्याला वाटलं होतं त्याहून बरी येत होती. लहान शब्द फेब्रुवारीत यायला लागले. अडलं ते लांब शब्दांशी. आमची भाषा भारी चिक्कू आहे, दोन शब्दांत जागा सोडायची म्हणजे तिच्या जिवावर येतं. दोन गोष्टी एकत्र आल्या की त्यांचा एक शब्द. तिसरी आली की तीही त्यालाच चिकटवायची. लांब शब्द दिसला की एव्हर्टचे हात आपोआप टेबलाखाली जायचे.

"हा संपतो कुठं?" म्हणायचा.

"संपतो कुठं ते नंतर. आधी जोडलाय कुठं ते बघ. ओळखीचा शब्द दिसतो का आत? तिथं कापायचं. मग एकेक तुकडा घ्यायचा आणि त्याचे घास करायचे."

मला वाटलं, कंदांचं उदाहरण द्यावं. म्हटलं, "मोठ्या कंदाला लहान कंद चिकटलेले असतात, तू ते कसे सोडवतोस, तसंच."

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "कंद वाळला की आपणहून सुटतो, दीवर. ह्याला वाळवायचं कुठं?"

पहिला लांब शब्द मी त्याचंच आडनाव घेतलं. जन्मभर तो सही करायचा, पण ती त्यानं चित्रासारखी पाठ केलेली होती. मी म्हटलं, "सांधा बघ. अलीकडे पेटी, पलीकडे करणारा. पेट्या करणारे होते तुझे पूर्वज."

"शवपेट्या?"

"असतीलही."

"बापानं कधी सांगितलं नाही."

"बापाला तरी वाचता येत होतं का?"

तो हसला. माझ्या घरात पहिल्यांदाच हसला. मग आम्ही तुकडे केले. किस-ते-मा-कर. नियम मी पोरांना सांगायचे तसेच सांगितले: दोन स्वरांच्या मध्ये एकटं व्यंजन असेल तर ते पुढच्याच्या पदरात जातं. दोन असतील तर एक इकडे, एक तिकडे. सारखीच दोन असली तरी वाटून घ्यायची, भांडायचं नाही. पण हे सगळं सांधा कापल्यावर. सांध्याच्या पलीकडचं कुणी अलीकडे ओढायचं नाही. "आणि प्रत्येक घासाला एक टाळी वाजवायची," मी म्हणाले.

"टाळ्या मी वाजवणार नाही."

"सगळी पोरं वाजवतात."

"मी पोर आहे का?" तो खरंच चिडला होता. "आणि हळू बोल, पोस्टमन ऐकेल."

शेवटी तडजोड झाली. घरात लाकडी बूट घालायचे नाहीत ही माझी पन्नास वर्षांची शिस्त मी मोडली, आणि तो टाळीऐवजी टेबलाखाली बूट आपटायला लागला. किस, टक. ते, टक. माझ्या फरशीचं पॉलिश गेलं, पण त्याला ताल सापडला.

मग मधल्या अक्षराची भानगड आली. कधी कधी दोन तुकडे जोडताना मध्ये एक s येतो, ना अलीकडचा ना पलीकडचा, डिंकासारखा. तो कितव्या घासात घ्यायचा? मी म्हटलं, "अलीकडच्या."

"अर्थ काय त्याचा?"

"काही नाही."

"मग वाचायचा कशाला?"

"आहे म्हणून."

"फुकट्या," एव्हर्ट म्हणाला, आणि तेव्हापासून त्या s चं नाव आमच्यात फुकट्याच पडलं.

एक दिवस मी इस्पितळाचा शब्द लिहून दिला. आजारी आणि घर, असे दोन शब्द जोडून तो होतो. त्यानं सांधा लगेच पकडला, तीन वेळा बूट आपटला, "झी-कन-हाउस," म्हणाला आणि मग बराच वेळ त्या कागदाकडेच बघत राहिला.

"काय झालं?"

"हे दारावर होतं. रोज त्याच्याखालून जात होतो मी." पुढे म्हणाला, "एकदा बसमधून भलत्याच ठिकाणी उतरलो. पाटी होती समोर, बाण होता. कुणाला विचारायचं तर म्हणतील, समोर लिहिलंय की बाबा! वारा सुटला होता. पोचलो तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. आफ्राला म्हटलं, बस बंद पडली."

 मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. साधी एक पाटी, आणि तिच्याखाली माझ्या बहिणीचा नवरा वाऱ्यात उभा. मी उठून कॉफी टाकली. 

उन्हाळ्यात तो वर्तमानपत्रातले मथळे वाचायला लागला. शरद सरता सरता डब्यांवरचं, खतांच्या पिशव्यांवरचं, जे दिसेल ते. गाडी मोठ्या शब्दांशी हळू व्हायची, बूट दोनदा आपटायचा, पण पुढे जायची. नोव्हेंबरात विल्माकडे टोपी फिरली. आता ती विल्माच्या मांडीवर होती. एव्हर्टची चिठ्ठी फेन्नाला निघाली, हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी खूश झाले. म्हटलं, देवाची करणी.

पाच डिसेंबरला एव्हर्ट इस्त्रीचा सदरा घालून आला. शेगडीजवळच्या खुर्चीत बसला. कुणी काही वाचायला लागलं की त्याचे ओठ हलायचे. येरूननं आपली कविता वाचली. गडी पथ्यावर असतो आणि गाडीत बसून चोरून तळलेले मांसाचे क्रोकेट खातो, असं त्यात होतं. विल्माची टर तिच्या नव्या स्वयंपाकघरावर, जिथं ती डाग पडेल म्हणून स्वयंपाकच करत नाही. माझ्या कवितेत काय असणार? पन्हळ आणि पडदे! आठ ओळी मला स्वतःच्या तोंडानं वाचाव्या लागल्या. सगळे खिदळत होते, माझे कान तापले होते. तरी मी वाचलं आणि हसले. त्या संध्याकाळी हीच रीत आहे.

मग एव्हर्टचं पुडकं त्याच्या मांडीवर आलं. त्यानं ते फिरवून पाहिलं. वरून पाहिलं, खालून पाहिलं. दोरीखाली बोट घालून पाहिलं.

"कविता कुठाय?" म्हणाला.

"असू दे ना पपा," विल्मा घाईनं म्हणाली. "उघडा नुसतं."

"सिंट विसरला?"

 फेन्ना मांडीवरच्या चॉकलेटच्या अक्षराकडे बघत होती. येरून म्हणाला, "एव्हर्ट, आम्हीच ठरवलं. तुम्हाला उगाच त्रास नको."

मी तोंड उघडलं. टेबलाखाली एव्हर्टचा बूट माझ्या पायावर आला आणि तिथेच राहिला. मी तोंड मिटलं. पण मला इतका संताप आला होता, त्यांचा आणि त्यांच्या त्या चांगुलपणाचा, की हातातलं बिस्कीट मोडलं.

एव्हर्टनं पुडकं उघडलं. आत अंडी उकडायचं विजेचं यंत्र होतं. चांगलं होतं. आफ्रा गेल्यापासून त्याची अंडी एकतर कच्ची राहायची नाहीतर दगड व्हायची. त्यानं यंत्र बाजूला ठेवलं, खोक्यात हात घालून वापराच्या सूचनांचा कागद काढला, उलगडला आणि उभा राहिला. खाकरला.

"ख," म्हणाला आणि बूट आपटला. "ब्राउक्स. आन. वाइ. झिंग."

वापराच्या सूचना. तीन शब्द एकत्र बांधलेले, मध्ये फुकट्या. मग तो पुढे वाचायला लागला. वायर ओली करू नये. यंत्र पाण्यात बुडवू नये. मुलांना लांब ठेवावे. अंड्याच्या बोथट टोकाला सुईनं भोक पाडावे. प्रत्येक घासाला बूट टकटक करत होता, आणि लांब शब्दाशी थांबून, मागे जाऊन, पुन्हा घेत होता. घामानं त्याच्या सदऱ्याची कॉलर ओली झाली.

येरून माझ्याकडे बघून हसला. "पाठ कुणी करून घेतलं?"

एव्हर्ट थांबला. त्यानं कागद जावयासमोर धरला. "बोट ठेव. कुठंही."

येरूननं कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं अक्षर सगळ्यांत बारीक होतं, तिथं बोट ठेवलं. एव्हर्टनं कागद खिडकीच्या उजेडाकडे धरावा तसा दिव्याकडे धरला आणि वाचलं. यंत्र धुण्यापूर्वी थंड होऊ द्यावे. एका शब्दाशी दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. येरूनचं हसू मावळलं. विल्मानं तोंडावर हात ठेवला होता.

"वर्षभर," एव्हर्ट म्हणाला. "वर्षभर मी ह्या संध्याकाळसाठी शिकलो. येरूनची टर उडवलीत. दीवरची उडवलीत, बिचारीची, माझ्यापायी. माझीच का नाही? माझ्यात चिडवण्यासारखंसुद्धा काही राहिलं नाही का?"

 आम्ही त्याची लाज राखायला गेलो होतो आणि घरातल्या ज्या एका गमतीत प्रत्येकाला जागा असते, तिथून त्यालाच उठवला होता. मला शिकवणी माहीत होती, पण ती लपवून ठेवून मीही त्यातच सामील झाले होते. विल्माच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मी लिहिली नाही," फेन्ना म्हणाली.  "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. मी हसले होते ना, मागच्या वेळी. तुम्ही काकुळतीला आला होता आणि मी हसत होते. मला तुमच्याकडे यायची लाज वाटायची, ओपा."

"तुला?" एव्हर्ट खुर्चीत बसला. "मला वाटलं, माझी वाटते."

"तुमची कशाला वाटेल?"

"मग ये ना इकडे."

ती उठून त्याच्या खुर्चीशी आली. त्यानं पुडक्याचा रंगीत कागद सपाट केला, उलटा करून तिच्यापुढे सरकवला. "लिही आता."

फेन्नानं पेन्सिल घेतली. मोठमोठ्या, सुट्या अक्षरांत, शाळेच्या पहिल्या पुस्तकात असतं तसं, तिनं दोन ओळी लिहिल्या. एव्हर्टनं त्या एका दमात वाचल्या. ओपा बसला. ओपा उठला. ओपा किती छान.

त्यानं कागद परत तिच्यापुढे ठेवला.

"हे पहिलीतल्या पोरांचं आहे. हे मी फेब्रुवारीत वाचत होतो. मोठा शब्द घाल. आणि चिडव नीट."

पोरीचे कान लाल झाले. तिनं त्या ओळी खोडल्या. पेन्सिल चावत बसली. मग खाली वाकून लिहायला लागली, आणि लिहितच गेली. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द, कुठंही न थांबता. आम्ही सगळे माना लांब करून बघत होतो. तसला शब्द कुठल्याही कोशात नसतो. आमच्याकडे तो गरजेपुरता बनवतात.

एव्हर्टनं कागद उचलला. पहिला सांधा शोधला.

"आइ-यर-को-कर," टक टक टक टक. अंडी उकडायचं यंत्र. विल्मा डोळे पुसता पुसता थांबली.

"ख-ब्राउक्स-आन-वाइ-झिंग." त्याच्या सूचना. आता तो धापा टाकत होता. शब्द अजून संपला नव्हता. त्यानं बोट पुढे सरकवलं आणि अडला. मागे गेला, पुन्हा आला. कुणी मदत केली नाही. मी जीभ दातांखाली धरून ठेवली होती.

"फोर," म्हणाला. "ले. झर."

वाचून दाखवणारा. अंडी उकडायच्या यंत्राच्या सूचना मोठ्यानं वाचून दाखवणारा.

एव्हर्टनं कागद खाली केला आणि नातीकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे बघितलं, भीतभीत. पहिल्यांदा हसला तो एव्हर्टच. आणि त्याच्या मागून, जरा उशिरा, आम्ही.